गॅरसला विचारायची मुभा कुणाला?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी रावपुऱ्यात राहतो, वय २४, नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात लॅबमध्ये आहे. मी गे आहे. घरी अजून माहीत नाही, म्हणून नाव छापू नका. यंदाच्या पावसाळ्यात ‘मास इफेक्ट’ या अंतराळातल्या व्हिडिओ गेमचे तिन्ही भाग ओळीने खेळलो. त्यातला नायक शेपर्ड पुरुष हवा की बाई, ते आपण निवडायचं. माझा शेपर्ड पुरुष होता. गॅरस हा त्याचा साथीदार पहिल्या भागापासून मनात बसला. दुसऱ्या भागात कळलं, त्याच्याशी जमवायची मुभा फक्त बाई शेपर्डला आहे. तिसऱ्या भागात सिटाडेल या अंतराळस्थानकावर उंच जाऊन बाटल्या उडवायचा प्रसंग येतो, तेव्हा आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, आता तरी. पण शेवटाकडे तो जहाजावर ताली या दुसऱ्या साथीदाराला जवळ घेऊन उभा दिसला आणि मी कंट्रोलर बाजूला ठेवला. माझा मित्र म्हणतो, ‘पात्रालाही स्वतःची आवड असते, सगळे तुझ्या मनासारखे कसे असतील? खऱ्या आयुष्यातही तेच.’ त्याचं पटतं आणि नाहीही पटत. मी जास्त मागतोय का?

उत्तर : अजिबात जास्त मागत नाहीयेस. तुझ्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि सगळी गोम उरलेल्या अर्ध्यात आहे.

खऱ्या माणसाचा कल त्याचा त्याचा असतो, तो कुणी नेमून दिलेला नसतो. गॅरसचा कल मात्र कॅनडात, एडमंटनला, हा खेळ बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीच्या ऑफिसात कुणीतरी बसून ठरवला. ठरवलेल्या गोष्टीला कारण विचारायचा आपल्याला हक्क आहे. ते कारण मी कथेत शोधून पाहिलं. गॅरस सिटाडेलवरचा पोलीस, नियमांच्या कागदांना विटलेला. मग ओमेगावर ‘आर्केंजल’ नाव घेऊन गुंडांच्या मागे लागलेला. सोबतच्या सिडोनिसने दगा दिला म्हणून आपली सगळी माणसं गमावलेला. यात त्याला बाई आवडते की पुरुष, याने काय फरक पडतो? काहीच नाही. तुझा तो बाटल्यांचा प्रसंगच घे. जागा तीच, बंदूक तीच, एकमेकांना चिडवणं तेच. शेपर्ड बाई असेल आणि तिचं त्याच्याशी जुळलेलं असेल तर बोलणं दोन पावलं पुढे जातं, इतकंच. तुला आता तरी म्हणून जे वाटलं, ते त्या प्रसंगात आहेच. तू मनाने काही जास्तीचं रचलेलं नाहीस.

आणि ‘खऱ्या आयुष्यातही तेच’ हे तर मला मुळीच मान्य नाही. खऱ्या आयुष्यात एक जण नाही म्हणाला तर दुसरा कुणी भेटायची आशा असते. २००७ च्या पहिल्या ‘मास इफेक्ट’मध्ये पुरुष शेपर्डला पुरुष आवडत असेल तर अख्ख्या आकाशगंगेत त्याच्यासाठी कुणीही नव्हतं. बाईला बाई आवडत असेल तर निदान लियारा होती. २०१० च्या दुसऱ्या भागात मिरांडा, जॅक, ताली पुरुषाच्या वाट्याला. गॅरस, थेन, जेकब बाईच्या. बाईला बाई म्हणून जहाजावरची केली नावाची कर्मचारी, तीही नावापुरती. तुझ्यासारख्यासाठी पुन्हा शून्य. ज्याला सगळेच नाही म्हणतात, त्याला ‘प्रत्येकाची आवड वेगळी’ हे उत्तर देता येत नाही.

हे शून्य नजरचुकीने राहिलेलं नव्हतं, हेही सांगते. जॅक ही व्यक्तिरेखा लिहिणाऱ्या ब्रायन किंड्रेगन यांनी २०२१ च्या एका मुलाखतीत सांगितलं की निर्मितीचा बराच काळ जॅक स्त्री-पुरुष कुणावरही प्रेम करू शकेल अशीच लिहिली जात होती. शेवटी शेवटी ते बदललं. कारण? २००८ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स न्यूज वाहिनीने पहिल्या भागातल्या प्रणयप्रसंगावरून मोठा गहजब केला होता, तो पुन्हा नको म्हणून. म्हणजे पात्राच्या ‘स्वतःच्या आवडी’चा इथे संबंधच नव्हता. पात्राची आवड एक होती आणि भीतीपोटी दुसरी लावली गेली.

२०१२ च्या तिसऱ्या भागात चित्र बदललं. जहाजावर स्टीव्ह कॉर्टेझ आला, समांथा ट्रेनर आली, आणि आधी फक्त बायकांसाठी असलेला केडन पुरुष शेपर्डजवळही मन मोकळं करायला लागला. कॉर्टेझशी तू किती बोललास ते तू लिहिलं नाहीस. शटलच्या डेकवर तो एकटा बसून एक जुनं रेकॉर्डिंग ऐकत असतो. वसाहतीवर हल्ला झाला तेव्हा त्याच्या नवऱ्याने, रॉबर्टने, पाठवलेला तो शेवटचा निरोप आहे: माझ्या आठवणीला बांधून घेऊ नकोस, पुढे जा. कॉर्टेझ ‘माझा नवरा’ म्हणतो तेव्हा तो अडखळत नाही आणि ऐकणारा शेपर्डही चमकत नाही. कुणी खुलासा मागत नाही, कुणी द्यायलाही जात नाही. एका माणसाचं माणूस गेलंय, एवढाच त्या प्रसंगाचा विषय. मला व्हिडिओ गेममधल्या चांगल्या लिखाणाचे नमुने विचारले तर हा प्रसंग मी पहिल्या पाचात सांगेन.

तरी हिशेब पुरा झाला असं मी म्हणणार नाही. कॉर्टेझ शटल चालवतो, तुझ्याबरोबर मोहिमेवर खाली उतरत नाही. गॅरस तीन भाग तुझ्या खांद्याला खांदा लावून लढतो, कॉर्टेझ तिसऱ्या भागात उगवतो. हीच तक्रार २०१७ च्या ‘अँड्रोमेडा’ या याच मालिकेतल्या पुढच्या खेळात जास्त जोरात झाली. तिथे पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुष रायडरला, म्हणजे त्या खेळातल्या नायकाला, गिल आणि रेयेस असे दोघं होते, पण सोबत लढणाऱ्या तुकडीतला एकही नव्हता. आपल्याकडे पंगतीत पान सगळ्यांना मांडतात आणि श्रीखंड मात्र एकाच रांगेपर्यंत पोचतं, तसला प्रकार. खेळणाऱ्यांनी हे स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या पॅचने, म्हणजे खेळातल्या दुरुस्तीने, जाल हा साथीदार पुरुष रायडरसाठीही खुला झाला. आधी तो फक्त बाई रायडरचा होता. खुला झाल्यामुळे जाल बिघडला असं मला कुठेही दिसलं नाही. तो आधी होता तेवढाच हळवा आणि मनातलं सगळं बोलून टाकणारा राहिला.

म्हणून नुसती डोकी मोजून न्याय ठरत नाही. ‘सायबरपंक २०७७’ या दुसऱ्या एका खेळात मोजणी अगदी चोख आहे: पॅनम, ज्युडी, रिव्हर, केरी, चार प्रकारच्या खेळणाऱ्यांना एकेक. पण ज्युडी कथेच्या सुरुवातीलाच भेटते. तिचं गाव पाण्याखाली गेलेलं असतं, आणि त्या बुडालेल्या वस्तीत ती तुला पाणबुड्याचा पोशाख चढवून घेऊन जाते. तिथपर्यंत पोचताना तिची ओळख पक्की झालेली असते. पॅनम मुख्य कथेतच गुंफलेली आहे. केरी मात्र इतका उशिरा येतो, तोही जोडकथांच्या रांगेच्या टोकाला, की घाईने खेळणाऱ्याला तो भेटतही नाही. प्रत्येकाला एक, हे कागदावर समान. खेळताना तसं वाटत नाही.

आता तुझ्या मित्राच्या बाजूचं, कारण तेही खरं आहे. सगळ्यांना सगळे खुले, हा प्रयोग बायोवेअरनेच २०११ मध्ये ‘ड्रॅगन एज २’मध्ये केला. अँडर्स, फेनरिस, इझाबेला, मेरिल, हे चौघंही साथीदार, खेळाचा नायक हॉक बाई असो की पुरुष, त्याचे होऊ शकतात. मला तो निर्णय आवडला होता. पण त्यात एक गोष्ट खटकली, ती अजून खटकते. अँडर्सचं कार्ल नावाच्या एका पुरुषावर पूर्वी प्रेम होतं. हॉक पुरुष असेल तर अँडर्स हे सांगतो. हॉक बाई असेल तर सांगत नाही, तिच्यासाठी कार्ल फक्त मित्र. म्हणजे समोर कोण उभं आहे ते बघून माणसाचा भूतकाळच गप्प केला. हे मला त्या पात्रावरच अन्यायाचं वाटतं. बाई हॉकसमोरही त्याने कार्लबद्दल सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पुरुषावर प्रेम केलेला पुरुष पुढे बाईवरही प्रेम करतो, अशी माणसं जगात आहेत.

आणि २०१४ च्या ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’मधला डोरियन. डोरियनला पुरुषच आवडतात. बाई इन्क्विझिटरने, म्हणजे आपण खेळतो त्या पात्राने, कितीही प्रयत्न केला तरी तो नम्रपणे नाही म्हणतो, आणि ते मला शंभर टक्के योग्य वाटतं. कारण त्याची सगळी कथाच त्यावर उभी आहे. मोठं घराणं, एकुलता एक मुलगा, ठरवलेलं लग्न, वंश पुढे चालवायचा आग्रह. मुलगा ऐकेना तेव्हा बापाने रक्तजादू करून त्याचा स्वभावच बदलायचा घाट घातला. रेडक्लिफच्या खानावळीत बाप-लेक समोरासमोर येतात तो प्रसंग आपल्याकडच्या कुठल्याही दिवाणखान्यात घडू शकतो. बाप वाईट माणूस नाही. लेकावर त्याची माया आहे आणि तरीही त्याने हे केलं. डोरियनला सगळ्यांसाठी खुला केला असता तर या प्रसंगाचा कणाच मोडला असता. त्याचा लेखक डेव्हिड गेडर स्वतः गे आहे, आणि ते त्या लिखाणात जाणवतं.

याच खेळात हिशेबही नीट जमला होता. पुरुषाला बाई हवी तर दोघी, पुरुषाला पुरुष हवा तर दोघं, बाईला बाई हवी तर दोघी. बाईला पुरुष हवा तर चौघं, त्यातल्या एकदोघांच्या इन्क्विझिटर अमुकच वंशाची हवी अशाही अटी. गे पुरुष आणि स्ट्रेट पुरुष यांच्या पानात सारखं वाढलेलं मी तिथे पाहिलं.

आणि नेमका तोच खेळ आपल्या देशात विकला गेला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये बायोवेअरची मालक असलेल्या ईए कंपनीने भारतातली विक्री रद्द केली, आधी नोंदवलेल्या ऑर्डरीसुद्धा. कारण दिलं ते स्थानिक कायद्यांचा भंग टाळायचा, त्याहून जास्त उलगडा केला नाही. तेव्हा समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ जिवंत होतं, डिसेंबर २०१३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उभं केलं होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं. मधल्या काळात बडोद्यातल्या पोरांनी हा खेळ न्यूजर्सीच्या चुलतभावाकडून, दुबईच्या मामाकडून मिळवून खेळला, हे मला ठाऊक आहे, कारण त्यातले काही माझ्याकडे येऊन डोरियनबद्दल तासन्‌तास बोलत. एकाने मला विचारलं होतं, ‘ताई, बापाला माफ करायचा पर्याय निवडू का?’ त्याला मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

तेव्हा माझं मत असं. पात्राचा कल त्याच्या कथेत खरोखर कामाला येत असेल तर तो पक्का ठेवावा आणि त्याच्या ‘नाही’चा मान राखावा. कामाला येत नसेल तर कुणालाही अडवायचं कारण नाही. आणि पक्के कल ठेवणार असाल तर प्रत्येक प्रकारच्या खेळणाऱ्यासाठी तितकंच जीव ओतून लिहिलेलं, तितकंच कथेच्या मध्यावर असलेलं कुणीतरी हवं. डोरियन पहिल्यात बसतो, गॅरस दुसऱ्यात. तुझ्या मित्राला हे वाचून दाखव.

एक गोष्ट यात राहून जाते: दिलेलं नंतर काढून घेणं. २०१८ च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’त नायिका कसांड्रा किंवा नायक अलेक्सिओस कुणावरही प्रेम करो, खेळणाऱ्याची मर्जी, असं सांगितलं होतं. मग जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या जोडभागात तुमची कसांड्रा शंभर तास फक्त बायकांवर प्रेम करत आलेली असली तरी एका पुरुषाबरोबर संसार आणि मूल तिच्या गळ्यात बांधलं. लोक संतापले, खेळ बनवणाऱ्या युबिसॉफ्टने माफी मागितली आणि त्या प्रसंगातले पर्याय बदलले. मला ते सगळ्यात जास्त लागलं होतं. न देणं एकवेळ समजून घेता येतं. देऊन मग ‘शेवटी हेच खरं’ म्हणणं हे घरोघरी ऐकलेलं वाक्य आहे, ते खेळातही ऐकायला लागू नये.

तू पुन्हा खेळणार असशील तर पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर केडनला वाचव. तिथे तो आणि अॅशली यांतलं एकच वाचतं. दुसऱ्या भागात कुणाशीही न जुळवता पुढे जा आणि तिसऱ्यात हॉस्पिटलमध्ये त्याला भेटायला जायचं चुकवू नकोस. गॅरसची भरपाई म्हणून हे सांगत नाहीये. तो प्रवास स्वतःच्या जोरावर सुंदर आहे म्हणून सांगतेय.

प्रश्न : ताई, मी अलकापुरीत राहतो, वय ३३, विवाहित. ‘बाल्डर्स गेट ३’ खेळतोय. खेळ जबरदस्त आहे, पण गेल नावाच्या जादूगार साथीदाराशी जादूबद्दल दोन शब्द बोललो तर तो माझ्या प्रेमात. बाकीचेही तसेच. मला समलिंगी लोकांबद्दल काही आकस नाही. पण मी स्ट्रेट आहे, मग माझ्यावर हे का लादायचं? सेटिंगमध्ये एक बटण द्यावं, पुरुषांचा रोमान्स बंद. हा माझ्याही बाजूने न्यायाचाच प्रश्न नाही का?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत. त्यातली एक मला पटते.

पटते ती अशी की सगळे भराभर गळ्यात पडतात. ती लिखाणाची आणि जुळणीची तक्रार आहे आणि रास्त आहे. हा खेळ बनवणाऱ्या लारियनचे प्रमुख स्वेन विंके यांनीही सांगितलंय की ऑगस्ट २०२३ मध्ये खेळ आला तेव्हा साथीदारांचा हा उतावळेपणा ठरवलेला नव्हता, मर्जीचे आकडे चुकीचे बसल्यामुळे झालेला तो बिघाड होता. पुढच्या पॅचेसमध्ये तो कमी केला. तुमचा खेळ अपडेट केलाय ना, ते एकदा बघा.

बटणाचं मात्र मला पटत नाही. गेल तुम्हाला विचारतो, तुम्ही एका ओळीत नको म्हणता, तो समजून घेतो आणि कथा पुढे चालू राहते. लादणं याला म्हणत नाहीत. वरच्या पत्रातल्या मुलाने दोन अख्खे खेळ असे खेळले ज्यात त्याला नको म्हणायलाही कुणी नव्हतं आणि हो म्हणायलाही नव्हतं. गे खेळाडू वर्षानुवर्षं राजकन्या सोडवत आले, त्यांना कधी कुणी ‘राजकन्या बंद’ असं बटण दिलं नाही, त्यांनी मागितलंही नाही.

२०११ मध्ये ‘ड्रॅगन एज २’बद्दल एका खेळाडूने अगदी तुमच्यासारखीच मागणी केली होती, स्ट्रेट पुरुष खेळाडूकडे दुर्लक्ष झालं म्हणून. डेव्हिड गेडर यांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं. त्याचा आशय असा की हे रोमान्स कुठल्या एका गटासाठी लिहिलेले नाहीत, सगळ्यांसाठी आहेत, आणि ज्यांची आजवर सगळीकडे सोय होत आली त्यांना इतरांची सोय झाली की स्वतःचं काही गेल्यासारखं वाटतं. मला हे उत्तर आजही तितकंच योग्य वाटतं.

आणि एक सांगू? तुम्ही विवाहित आहात. कुणी आपल्यात रस दाखवला आणि आपण शांतपणे, त्याचा अपमान न करता नको म्हणालो, हे तुम्हाला बाहेरही जमत असणारच. गेलशी तसंच वागा. तो उत्तम मित्र होतो. शॅडोहार्ट, कार्लाख, लेझेल या बायका तुमच्यासाठी आहेतच. कार्लाखच्या छातीत हृदयाच्या जागी तापलेलं यंत्र आहे. डॅमन लोहाराकडून ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय तिला कुणी स्पर्शही करू शकत नाही. कितीतरी वर्षांनी कुणीतरी हात धरतं तेव्हा ती जी हरखते, ते बघाच. ती कथा बाई खेळो की पुरुष, तितकीच भिडते. सगळ्यांना खुलं ठेवणं कुठे शोभतं, ते तिच्याकडे बघून कळतं.

प्रश्न : मी निझामपुऱ्यातून लिहितेय. मुलगा दहावीत आहे. फोनवर ‘स्टारड्यू व्हॅली’ म्हणून शेतीचा खेळ खेळतो. परवा मागून पाहिलं तर त्याच्या शेतकऱ्याने खेळात दुसऱ्या मुलाशी लग्न केलंय. ह्यांना अजून सांगितलं नाही. खेळामुळे मुलं तशी होतात का? फोन काढून घेऊ का? कुणा डॉक्टरांना दाखवू?

उत्तर : वहिनी, फोन काढून घेऊ नका. खेळामुळे कुणी गे होत नाही, तसं पाहिलं तर सगळे सिनेमे बघूनही कुणी स्ट्रेट होत नाही. त्याच्या मनात काय आहे ते या एका लग्नावरून तुम्हालाही ठरवता येणार नाही आणि मलाही नाही. कदाचित त्याला ते पात्र आवडलं. कदाचित त्याहून जास्त काही असेल. दोन्ही ठीक आहे.

हा खेळ एरिक बरोन नावाच्या माणसाने एकट्याने बनवला, २०१६ मध्ये आला. गावात लग्नाची बारा मुलं-मुली आहेत आणि शेतकरी मुलगा असो की मुलगी, बारापैकी कुणाशीही लग्न होतं. ते सहज होत नाही, हे मुद्दाम सांगते. रोज विचारपूस करायची, वाढदिवस लक्षात ठेवायचे, ज्याला जे आवडतं ते नेऊन द्यायचं. मग फुलांचा गुच्छ. मग समुद्रावरचा मोडका पूल तीनशे लाकडं जमवून दुरुस्त करायचा आणि पाऊस पडत असेल त्या दिवशी पलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या खलाशाकडून पाच हजारांचं लॉकेट घ्यायचं. तुमच्या लेकाने हे सगळं केलंय. माणसाच्या आवडीनिवडी लक्षात ठेवायला तो शिकतोय. लग्नानंतर जोडीदार कधी कधी सकाळी पिकांना पाणी घालून ठेवतो. मूल हवं असेल तर दत्तक घेता येतं. लग्न कुणी अडवत नाही. मला हा खेळ फार आवडतो तो याचसाठी.

डॉक्टरांचं : जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कल ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. कुणी तसं आश्वासन दिलं तर तिथून उठून या. वर डोरियनच्या बापाबद्दल लिहिलंय ते वाचा.

राजपिपळा आपल्यापासून फार लांब नाही. तिथले राजकुमार मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ मध्ये आपण गे असल्याचं वर्तमानपत्रातून जाहीर सांगितलं, तेव्हा गावात त्यांचे पुतळे जाळले गेले. राजवाड्यातल्या माणसाची ही गत, तर दहावीतलं पोर आईला आपणहून काय सांगणार? म्हणून विचारून त्याला कोंडीत धरू नका. संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा आणि ‘कोबी लावलास का, मला दाखव तुझं शेत’ एवढंच म्हणा. ह्यांना काय आणि कधी सांगायचं ते सध्या राहू द्या. सांगायचं झालं तर ते त्याने सांगायचं आहे.

प्रश्न : मी एमएस युनिव्हर्सिटीत शिकते, हॉस्टेलवर राहते. लॅपटॉप साधा आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. मला मुलींवर प्रेम करणाऱ्या मुलीची नीट लिहिलेली गोष्ट खेळायची आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर : तुझं पत्र वाचून आनंद झाला. दांडिया बाजारात आमचं सायबर कॅफे होतं तेव्हा युनिव्हर्सिटीच्या दोघी यायच्या आणि कोपऱ्यातलं मशीन मागायच्या. ‘द सिम्स’ लावायच्या. त्यांच्या खेळात दोन बायका एका घरात राहत होत्या, भिंतींचे रंग निवडत होत्या, स्वयंपाकघर सजवत होत्या. मागून कुणी गेलं की मॉनिटर बंद. २००० सालच्या त्या खेळात दोघींना एकत्र राहता यायचं, लग्न करता यायचं नाही. तरी तेवढ्यासाठी त्या तासाचे पैसे भरून यायच्या. तू मोकळेपणाने पत्रात लिहून विचारतेस, हे मला खूप मोठं वाटतं.

तुझ्या लॅपटॉपवर ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ लाव. २००९ चा आहे, ग्राफिक्स कमी ठेवलेस तर साध्या मशीनवरही चालायला हरकत नाही. चित्रं आज जुनाट वाटतील, लिखाण नाही वाटणार. मॉरिगन फक्त पुरुषासाठी आहे, तिच्या मागे लागून मन दुखवून घेऊ नकोस. तुझ्यासाठी लेलियाना आहे. मठात राहिलेली, गाणारी, गोष्टी सांगणारी, आणि मागे बरंच काही दडवलेली. तिचं स्वतःचं एका बाईवर जुनं प्रेम होतं आणि त्याच बाईने तिला दगा दिला. ते हळूहळू, तिच्या कलाने बाहेर येतं. पुढे कधी चांगलं मशीन घेतलंस तर ‘मास इफेक्ट ३’मधली समांथा ट्रेनर. तिला तिच्या महागड्या टूथब्रशबद्दल नक्की विचार.

लेलियाना लोदरिंग गावच्या खानावळीत भेटते. तिथे मारामारी होते, ती मध्ये पडते आणि मग बरोबर येऊ का विचारते. तिला हो म्हटल्याशिवाय लोदरिंग सोडून पुढची मोठी मोहीम संपवू नकोस, कारण त्यानंतर ते गाव उद्ध्वस्त होतं आणि ती पुन्हा भेटत नाही. आणि खूप पुढे पवित्र अस्थींच्या कलशापाशी पोचशील तेव्हा कुणी काहीही सांगितलं तरी त्यात रक्त ओतू नकोस. तिची श्रद्धा आहे त्यावर, ती तुझ्यावर उलटेल. दोन्ही ठिकाणी आधी वेगळी सेव्ह करून ठेव.